लंडनात आपलं कोन हाये?

अकोल्याच्या कापसाच्या जिनिंग प्रेसमधून खुशालराव लंडनचं चित्र असलेलं कॅलेंडर घेऊन आले आणि ते भिंतीवर टांगता टांगताच म्हणाले, "यंदा सुट्टीत अमरावती नाही. लेकराईले घेऊन लंडनले जाऊ!"

जाणं काही होणार नाही, हे त्यांच्या बायकोला, कौशल्येला ठाऊक होतं, पण बेत मात्र रंगत गेला. श्रावणला दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावर बसायचं होतं. धाकट्या मैनेला आभाळातून पडणाऱ्या बर्फाचे गोळे खायचे होते. त्यावर टाकायचं सरबत घरूनच बाटलीत भरून न्यायचं ठरलं.

पापड लाटता लाटता कौशल्या गालात हसत होती. शेवटी तिनं विचारलंच, "पन उतराचं कोनाकडं? तिथं आपलं कोन हाये?"

"हॉटेलात राहू."

"लेकरं घेऊन हॉटेलात? आपलं मानूस नाही त्या गावाले कोनी जाते काय?"

अमरावतीत लेकरांचा मामा होता, लंडनात कोणीच नव्हतं. श्रावणचं तोंड एवढंसं झालं.

मैना मात्र थोडा वेळ विचार करून आईला म्हणाली, "मंग मोठी झाली का मीच जातो न पयले. तिथंच राहतो. मंग तुमी सारे माह्या घरी या."

लाटणं थांबलं. कौशल्येनं पिठाच्या हातांनीच पोरीला कुशीत ओढलं.

"काही नको," ती म्हणाली, "आपली अमरावतीच बरी हाये."