अण्णा हरवले आहेत

दार उघडलं तर समोर अण्णा उभे होते, आणि त्यांचं मनगट घट्ट धरून एक पंक्चरवाला.

"तुमचेच ना?" त्याने विचारलं. "सकाळी टीव्हीवर दाखवलं. म्हटलं चाक राहू दे, आधी आजोबांना पोचवू."

सुनेने मान डोलावली. आभार मानून मानून तिचे शब्द संपत आले होते. काल बँकेचा रखवालदार येऊन गेला, परवा एक नर्स, त्याआधी कॉलेजच्या दोन मुली रिक्षातून. अण्णांनी पंक्चरवाल्याला आत बसवलं, चहा पाजला आणि त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे हे सांगून टाकलं. अण्णांचा जन्म शिवणकामात गेला होता. माणूस समोर आला की त्यांची नजर आधी मापं घ्यायची, मग चेहरा बघायची.

खरं तर अण्णा हरवले होते ते एकदाच, तेही एका दुपारपुरते. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि नव्या वसाहतीतल्या इमारती एका साच्यातून काढल्यासारख्या होत्या. अण्णा भाजी घेऊन परतले ते तिसऱ्या मजल्यावर, बरोबर नंबरच्या दारात, फक्त भलत्याच इमारतीत. दार उघडणाऱ्या बाईकडे न बघताच "चहा टाक गं" म्हणत ते आत जाऊन बसलेसुद्धा. चूक कळली, पण आपली इमारत कोणती हे त्यांना सांगता येईना. बाईही नवीनच राहायला आलेली, तिला तरी काय कळणार? चहा मात्र तिने टाकला.

इकडे सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिने थेट केबलचं ऑफिस गाठलं. संध्याकाळच्या स्थानिक बातम्यांत अण्णांचा फोटो झळकला. अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, आढळल्यास खालील पत्त्यावर आणून सोडावे. बातम्या संपायच्या आत त्या बाईने त्यांना आणून सोडलं.

प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण बातमी काही थांबेना. सकाळी लागायची, दुपारी लागायची, रात्री ऐन जेवणाच्या वेळी लागायची. सुनेने फोन करून अण्णा सापडल्याचं कळवलंही होतं. "हो वहिनी, काढतो," केबलवाला म्हणाला होता. अण्णा रोज खुर्चीत बसून आपण हरवल्याची बातमी शेवटपर्यंत बघायचे.

मुलाला या सगळ्याची लाज वाटायची, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. अण्णांना त्याने मिनतवाऱ्या करून गावाहून आणलं होतं, महिनाभर राहून तर बघा, एवढ्या बोलीवर. गावी अण्णा कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले की पोचायला तास लागायचा, कारण वाटेत सगळे थांबवायचे. इथे ते गेल्या पावली परत यायचे आणि खिडकीत बसायचे. आल्या आल्या त्यांनी एकच धोशा लावला होता, मला गावी सोड. आता तर ते गावाचं नावच काढत नव्हते. म्हणजे मनातून दुखावले असणार, मुलाला वाटलं. उभ्या गावाला कपडे शिवून घातलेला माणूस, आणि इथे कोणीही उठावं, त्यांना धरून घरी आणावं. महिना भरत आला होता. अण्णा एकदा गेले की परत येणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला ते इथे हवे होते.

"निदान तो शर्ट तरी बदला," सून पंक्चरवाल्याच्या पाठीमागे दार लावत म्हणाली. "म्हणजे लोक ओळखणार नाहीत."

"बाकीचे टोचतात," अण्णा म्हणाले.

बाकीचे सगळे त्यांनी स्वतःच शिवलेले होते.

मुलाने चपला पायात सरकवल्या आणि तरातरा केबलचं ऑफिस गाठलं. ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. अर्ध्या खोलीत वायरची भेंडोळी, अर्ध्या खोलीत टेबल आणि मागे निळा पडदा. केबलवालाच खांबावर चढायचा आणि खाली उतरला की केस विंचरून बातम्याही तोच वाचायचा. आत्ता तो केस विंचरत होता.

"माझे वडील हरवलेले नाहीत," मुलगा दारातूनच सुरू झाला. "चांगले घरात बसलेत. रस्त्यातून पकडून आणतात त्यांना लोक. उद्या ते वैतागून गावी निघून गेले ना, तर त्याला जबाबदार तुम्ही. ती बातमी आत्ताच्या आत्ता काढा."

केबलवाल्याने कंगवा खाली ठेवला.

"दादा, ती मी त्याच रात्री काढली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. म्हणाले, राहू दे अजून, पुष्कळ लोक भेटायचे राहिलेत. तेव्हापासून रोज चक्कर टाकतात, आज लागणार ना म्हणून विचारून जातात. वडीलधारा माणूस, नाही कसं म्हणायचं?"

मुलगा भेंडोळ्यावरच बसला. नर्सला रात्रपाळी सोसत नाही, रखवालदाराच्या मुलीची परीक्षा आहे. अण्णा रोज जेवताना हे सांगत होते आणि त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. त्याला हसू आलं.

"मग आता किती दिवस चालवणार?" त्याने कसंबसं विचारलं.

"ते माझ्या हातात कुठे राहिलंय? आता त्यांनी वेगळंच धरलंय," केबलवाला म्हणाला. "नाल्यापलीकडच्या वसाहतीत तुझी केबल कधी जाणार, म्हणून माझ्या मागे लागलेत. रविवारी दुपारभर तिकडे फिरले म्हणे. कोणी हाक मारली नाही, कोणी विचारलं नाही. शेवटी एकटेच चालत घरी आले."