खुंटाची निवड

तेजरामने गुडघ्याच्या वर गेलेलं आंब्याचं रोप बाजूला सारलं आणि वीतभर वाढलेलं दुसरं रोप अपेक्षासमोर ठेवलं.

“ठेंगणं झाड पाहिजे ना तुले? मंग ठेंगण्या रोपावर कलम बांधू. हे उंचाडं काहून घेऊन राहिली?”

कोंढा गावातल्या त्याच्या रोपवाटिकेतल्या दोनशे गावरान रोपांच्या साली अपेक्षाने कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासल्या होत्या. सालीत फिनॉल नावाचं द्रव्य जितकं जास्त, तितकी त्या खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या रोपावर, बांधलेलं झाड ठेंगणं राहण्याची शक्यता जास्त. फिनॉल भरपूर असलेली अकराच रोपं निघाली. त्यांना तिने लाल धागा बांधला होता. उंच रोपाला धागा होता, ठेंगण्याला नव्हता.

“काका, ते ठेंगणं नाही. अडलेलं आहे.”

“मीनं चाळीस वर्सं कलमा बांधल्या. डोळ्याले दिसते ते खोटं, न तुह्या बाटलीतलं खरं?”

खाटेवर सत्यभामाबाई बसल्या होत्या. वय सत्तर, घरात एकट्या. अंगणातला त्यांचा आंबा इतका उंच की उतरवणारा माणूस दरसाल अर्धे आंबे मजुरीत नेई. नवं झाड त्यांच्यासाठीच होतं. खुंट चुकला तर ते कळायलाच पाच वर्षं जाणार, हे अपेक्षाला पक्कं ठाऊक होतं. तिने ठेंगण्या रोपाच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

“पिशवी फाडून पाहा.”

तेजरामने चाकूने ठेंगण्या रोपाची पिशवी चिरली, माती झटकली. सोटमूळ तळाशी अडून वेटोळं होऊन बसलं होतं.

“जागाच नव्हती बिचाऱ्याले,” तो हळूच म्हणाला.

मग त्याने उंच रोप पुढ्यात ओढलं. शेंडा छाटला, खाच पाडली, चांगल्या आंब्याची तासलेली काडी तीत नेमकी बसवली आणि पट्टी गुंडाळू लागला.

सत्यभामाबाई उठून जवळ आल्या. “आंबे कुठवर लागतीन वं पोरी?”

अपेक्षाने हात डोक्यावर उंच केला. “इथवर.”

बाईंनी तिच्या शेजारी उभं राहून आपला हात वर केला. तो तिच्या मनगटाशीच थांबला. त्यांनी पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि टाचा उचलल्या.

“पोचते,” त्या म्हणाल्या.