निघतो म्हटल्यावर

कित्येक वर्षांचा अबोला मोडायला अच्युतराव धाकट्या भावाकडे, गजाननकडे आले होते. तासभर गप्पांत गुडघेदुखी आणि पाणीकपात झाली. मग "बरंय, निघतो मी," म्हणत ते रीतसर अर्धवट उठले. या घराण्यात खरं बोलणं त्यानंतरच सुरू होई.

गजाननच्या जागा वाचवणाऱ्या, बोललेलं ऐकून चालणाऱ्या स्मार्ट सोफ्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. 'निघतो' ऐकताच त्याने अच्युतरावांची बैठक घडी करून भिंतीत सरकवली.

"दादा, तो शब्दाचा पक्का आहे," गजानन ओशाळून म्हणाला.

"घरात कुणीतरी असावं तसं," म्हणत अच्युतराव चपला शोधू लागले.

"मीपण निघतो!" गजानन उठून स्वतःच्याच घरात मोठ्यांदा म्हणाला. उरलेली बैठकही भिंतीत गेली.

मग फरशीवर मांडी घालत तो म्हणाला, "हं, बस दादा. आता बोल."