हँडब्रेक

"अगं बाई, आणि हँडब्रेक कुठे गेला?" आईनं विचारलं.

शोरूममधली मुलगी हसली. तिनं दोन सीटच्या मधलं बोटाएवढं बटण दाखवलं. "हे काय, काकू. तुमच्या पिढीतल्या गाडीला दांडा होता, या नव्या पिढीत काढून टाकलाय. जागा वाचते. शिवाय आपोआप लागतो, आपोआप सुटतो."

"छान," आई म्हणाली. चेहरा मात्र छान म्हणणाऱ्या बाईचा नव्हता.

तिचा मुलगा खुशीत गाडीभोवती फिरत होता. बाबांकडे हेच मॉडेल होतं, एक पिढी आधीचं. छोटीशीच, पण ऐटबाज गाडी. बाबांनी ती पोटच्या पोरापेक्षा जास्त जपली, असं पोटचा पोरगाच सगळ्यांना सांगायचा. आता त्याचं बरं चाललं होतं आणि दोघांना नवी गाडी घेऊन द्यायचीच, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. एकदा डोक्यानं घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही, स्वतःच्याही.

त्याला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. बाबांना कडेचं दिसत नव्हतं. समोरचं लख्ख दिसायचं, पण बाजूनं येणारं माणूस एकदम पुढ्यात उगवायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून स्वच्छ सांगितलं होतं. दोघांनी माना डोलावल्या आणि त्याच गाडीतून घरी आले. गाडी सोडून करायचं काय, दिवसभर एकमेकांची तोंडं बघत बसायचं? मग त्यांची आपली एक पद्धत बसली. आई शेजारी बसायची, एक हात हँडब्रेकवर. "काय बाई ही गर्दी," असं ती म्हणाली की बाबा वेग कमी करायचे. "अहो, ऐकलंत का" म्हणाली की थांबायचे. आणि नाहीच ऐकलं तर दांडा होता. तो तिनं ओढलाही होता, आणि घरी आल्यावर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

"चला, एक चक्कर मारू या," मुलगी म्हणाली. "सर, तुम्हीच चालवा."

आई लगबगीनं पुढच्या दाराशी गेली.

"आई, तू मागे ये माझ्याजवळ. त्यांना पुढे बसून बाबांना सगळं दाखवायचंय."

"मला मागे मळमळतं."

"चौकापर्यंत तर जायचंय! काहीतरीच तुझं."

"बस गं," बाबा म्हणाले. "आज मालकिणीसारखी मागे बस." म्हणाले हसतच, पण तळहात पँटला पुसले.

गाडी कशी लोण्यासारखी निघाली. मुलगी बोलायला लागली ती थांबेचना. या पडद्यावर हे, त्या पडद्यावर ते. बाबांना गाडी आवडली होती, ते त्यांच्या मानेवरूनसुद्धा कळत होतं. आई दोन सीटच्या मधून पुढे वाकली होती, पण मुलीच्या अंबाड्यापलीकडचं तिला काही धड दिसेना.

"काय बाई ही गर्दी," ती म्हणाली.

"कुठे आहे गर्दी?" मुलगा म्हणाला. "रस्ता तर मोकळा पडलाय."

बाबांनी वेग जरा कमी केला. मुलगी म्हणाली, "घाबरू नका सर, दाबा बिनधास्त." बाबांनी दाबलं.

"अहो, ऐकलंत का..."

तेवढ्यात गाडीच कर्कश वाजली आणि जागच्या जागी उभी राहिली. पट्टे छातीत रुतले. बॉनेटच्या अगदी पुढे, रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, खांद्यावर शिडी घेतलेला एक रंगारी उभा होता. बाबांचा पाय ब्रेकपर्यंत गेलाच नव्हता.

रंगाऱ्याला वाटलं, गाडीवाला आपल्यासाठी थांबला. त्यानं मोकळा हात वर करून बाबांचे आभार मानले आणि शिडी सावरत पलीकडे गेला.

"बघितलंत, सर?" मुलगी टाळी वाजवायचीच बाकी होती. "माणूस ओळखते ही! जुन्या पिढीत हे नव्हतंच."

"मानलं बुवा!" मुलगा म्हणाला. "बाबा, ठरलं. हीच."

आई छातीवर हात ठेवून बसली होती. तिच्या मनात आलं, बरं झालं, या गाडीला सगळं येतंय, आता मी मागे बसले तरी चालेल. तिला हायसं वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं.

मागून हॉर्न वाजायला लागले. बाबा गाडी काढेनात.

"मला तो दिसलाच नाही," ते म्हणाले.



"म्हणजे?" मुलानं विचारलं.

"म्हणजे दिसला नाही. बरेच दिवस झाले, कडेचं दिसत नाही मला." त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि भर रस्त्यात उतरून उभे राहिले. "ये, तू बस इथे."

मुलानं आईकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

 आईनं घाईघाईनं काच खाली केली. "अहो, मी मागे होते म्हणून झालं हे! पुढे असते तर वेळेवर सांगितलं असतं. आजवर कधी काही झालंय का? चला, बसा पाहू परत. मी येते पुढे."

बाबा खिडकीपाशी वाकले. रागावले नव्हते.

"अगं, मीच थांबलो असं समजून त्यानं मला हात केला," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्याला काय माहीत, तू पुढे बसलीयेस का मागे?"