यादी मोरोपंतांच्या पोटात

देवासच्या एका क्षयरोगी मदत-न्यासाचे विश्वस्त मोरोपंत रोग्यांची नावं बायकोलाही सांगत नसत. यादी ट्रंकेत आणि किल्ली जानव्याला! औषधंही ते स्वतःच घरोघर पोचवत, कारण दुसऱ्या कुणाच्या पोटात गुपित टिकेल यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

एका रविवारी ते सुपेकरांकडे लेकीच्या लग्नाचं बोलायला गेले, चहा पिऊन परतले. दुसऱ्याच दिवशी सुपेकर धापा टाकत हजर.

"मोरोपंत, पत्रिका जुळली, मुलगी पसंत आहे. पण हात जोडतो, पुन्हा आमच्या दारात येऊ नका!"

"अहो, माझं चुकलं तरी काय?"

"तुम्ही चहा पिऊन उठलात, तेव्हापासून सारा मोहल्ला विचारतोय, 'भिया, घर में खाँसी किसको है?'"