पूर्णिमाला जामीन कोण?

माझ्या हातमागाच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्हा शहापूरच्या विणकरांचा सर्वर चालतो. त्यावर आम्ही साड्यांचे फोटो टाकतो, बोलतो, भांडतो. मालक कुणी कंपनी नाही, आम्हीच. खानापूरचे, गुंजीचे असेच सर्वर आमच्याशी जोडलेले आहेत; तिथं लिहिलेलं इथंही दिसतं.

काल समाजाचे मुख्य पंच परशरामआप्पा बायकोला, गुणाक्काला घेऊन घरी आले. बसायच्या आधीच म्हणाले, "मंगल, त्या पूर्णिमानं जातीबाहेर लगीन केलंय. पंचांनी तिला वाळीत टाकलंय. तुझ्या सर्वरवरनंबी काढ."

"काढली तर गुंजीच्या सर्वरवरनं बोलंल की, आप्पा."

"मग गुंजीचाबी जोड तोड! तिच्याशी जो बोलंल, तो वाळीत."

"आमचा नियम हाय. आत येणाऱ्याला कुणीतरी जामीन ऱ्हायाचं. त्या जामिनानं सांगितलं, तरच काढीन."

"कोण हाय तिचा जामीन? नाव सांग. त्यालाबी टाकतो वाळीत."

दाराशी बसलेल्या गुणाक्कानं चहाचा कप खाली ठेवला.

"मी हाय. पूर्णिमा तुमची लेक न्हाय ऱ्हायली म्हणताय न्हवं? माझी पोटची पोर हाय ती. न्हाय काढायची." पदर खोचून ती उठली. "आता टाका मलाबी वाळीत. आन आजपासनं जेवायचं दुसरीकडं बघा. वाळीतल्या बाईच्या हातची भाकरी पंचांना चालत न्हाय."