आजही संपले

फुकट दैनिक निघालं तेव्हा चौकात ते वाटणाऱ्या माझ्या नवऱ्याभोवती झुंबड उडायची; चहा निवायच्या आत गठ्ठे संपायचे. मग लोकांच्या हातात मोबाईल आले, फुकटातही अंक कुणी घेईना. नोकरीच्या धास्तीनं आमचे हे उरलेले गठ्ठे घरी आणू लागले. रद्दीत घालावेत तर बिंग फुटणार! गठ्ठ्यांवरच बसून साहेबांना फोनवर सांगायचे, “आजही संपले.” बघता बघता खिडकी बुजली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई भर दुपारी विचारायच्या, “उजाडलं का गं?” काल साहेबांचा फोन आला. म्हटलं, बंद पडलं एकदाचं, सुटलो! साहेब म्हणाले, “बाकीच्या भागांतलं वाटप बंद केलं. मागणी फक्त तुमच्याकडेच. उद्यापासून सगळे गठ्ठे तिकडेच.” मी हातानंच ‘नको’ खुणावलं. “पाठवा, साहेब,” हे म्हणाले, “इथं पुरतच नाहीत,” आणि घरातल्या एकाच मोकळ्या जागेकडे, दाराकडे, बघत राहिले.